पावसाळ्याच्या बेगमीचे डबे: आधी झाकण पाहा, मग धातू

पत्र: "आमचे घर देवगड तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. यजमान मुंबईतील नोकरीतून निवृत्त झाल्यावर आम्ही सासूबाईंकडे गावी राहायला आलो. एरवी आम्ही तिघेच, पण गणपतीला चाकरमानी आले की पंधरा-वीस पाने उठतात, त्यामुळे बेगमी मोठी करावी लागते. गेल्या पावसाळ्यात त्यातील निम्मे सामान वाया गेले. तांदळाला सोंडे लागले, पापड आणि फेण्या चामट झाल्या, मालवणी मसाल्याचे गोळे होऊन त्याला कुबट वास आला, आणि मीठ लावलेली आमसुले ज्या नव्या स्टीलच्या डब्यात भरली होती त्याच्या तळाला टाचणीने टोचावे तशी भोके पडली. सासूबाई म्हणतात, 'आमच्या वेळेक खंय होते असले डबे?' आणि आपल्या चार जुन्या चिनी मातीच्या बरण्या पुढे करतात. यजमानांनी कोठून तरी निळी प्लास्टिकची मोठी पिंपे आणून ठेवली आहेत. मला वाटते, एकदाच खर्च करून सारे डबे चांगल्या स्टीलचे घ्यावेत. तिघांपैकी कोणाचे ऐकावे?"
— एक वाचक भगिनी, ता. देवगड

ताई, सप्रेम नमस्कार.

आपल्या घरातील तिघांचेही म्हणणे अर्धे बरोबर आहे आणि अडचण नेमकी तीच आहे. बरणी, प्लास्टिक किंवा स्टील यांपैकी एकच काहीतरी निवडून सगळे सामान त्यातच भरायचे, हा विचार बेगमीला मारक ठरतो. खारवलेले आंबट पदार्थ भांड्याला खातात, दमट हवा कुरकुरीत पदार्थांना खाते, आणि धान्याला खाणारा किडा बहुधा त्या धान्याबरोबरच घरात येतो. या तिन्ही गोष्टींचा बंदोबस्त एकाच भांड्याने होत नाही.

भांड्यांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट सांगायला हवी. डबा कोणतीही वस्तू वाळवत नाही. भरताना ती जशी असेल तशी राखणे, एवढेच त्याचे काम. हे मी माझ्याच चुकीतून शिकले. लग्नानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. मे महिन्यातल्या एका दुपारी मी अंगणात पसरलेले तांदूळ, हाताला चटका बसत असतानाच, नव्या कोऱ्या पिंपात ओतले आणि झाकण घट्ट बसवून मोकळी झाले. (तांदूळ कडक उन्हात घालणे हीच मुळात चूक होती, त्याने दाणा तडकतो आणि पुढे कणी वाढते.) श्रावणात पिंप उघडले तेव्हा झाकणाच्या आतल्या बाजूला वाळलेल्या थेंबांचे डाग दिसले आणि वरचा चार बोटांचा थर हिरवट पडून गोळा झालेला होता. झाकणात काहीच दोष नव्हता, किंबहुना ते उत्तम होते म्हणूनच तसे झाले: गरम दाण्यांतून निघालेली वाफ रात्री गार पडलेल्या पत्र्यावर जमली, खाली ठिबकली, आणि तिला बाहेर जायला वाट उरली नाही. म्हणून उन्हातून उचललेली कोणतीही वस्तू संध्याकाळपर्यंत घरात, पातळ कापडाखाली पसरून पूर्ण गार होऊ द्यावी आणि त्याच दिवशी भरावी. रात्रभर उघडी ठेवली, तर किनाऱ्यावरची हवा दिवसभराची मेहनत वाया घालवते.

धान्य पुरेसे वाळले आहे की नाही, हे ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. तांदळात पाण्याचे प्रमाण १२ ते १३ टक्के असेल तर तो निर्धास्त भरावा; ते १४ च्या वर गेले की बुरशीची भीती सुरू होते. बारीक मीठ तव्यावर कोरडे करून गार करावे, कोरड्या काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा तांदूळ आणि दोन-तीन चमचे हे मीठ घालावे, झाकण लावून मिनिटभर हलवावे आणि बाटली थोडा वेळ स्थिर ठेवावी. मीठ काचेला चिकटून राहिले तर धान्यात १५ टक्क्यांहून अधिक पाणी आहे, ते अजून भरण्याजोगे नाही. मीठ सुटे होऊन खाली पडले, तरी त्यावरून पाणी १५ च्या खाली आहे एवढेच कळते. म्हणून नंतर एक दाणा दाताखाली धरून पाहावा, तो कट्ट आवाज करून तुटला पाहिजे, चेपता कामा नये.

आता झाकणाविषयी. जून ते सप्टेंबर या काळात आपल्याकडे हवेची आर्द्रता बहुतेक दिवस ८५ टक्क्यांच्या आगेमागे किंवा त्याहून वर असते. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठसुद्धा हवेतील पाणी ओढून विरघळू लागते, म्हणून आपल्या मिठाच्या सटात पावसाळाभर पाणी साठते. मिठाच्या याच खोडीचा उपयोग करून घ्यावा. पावसाळ्यात जो डबा तपासायचा असेल तो रिकामा आणि कोरडा करून त्यात वाटीभर पाकिटातले बारीक मीठ ठेवावे, झाकण लावावे आणि आठ दिवस हात लावू नये. मीठ भुरभुरीत राहिले तर डबा चार महिने विश्वासाने वापरावा. ओलसर झाले तर तो कितीही महाग असो, बेगमीला निरुपयोगी. या परीक्षेला खडेमीठ घेऊ नये, कारण त्यातील इतर क्षार कमी दमटपणातही पाणी ओढतात आणि चांगला डबाही नापास होतो. दुकानात मात्र मिठाची वाटी ठेवता येत नाही. तेथे वर्तमानपत्राची एक पट्टी झाकणाखाली अडकवून ओढून पाहावी. झाकणाच्या चारी अंगांना ती सारखीच अडून बसली पाहिजे. एका बाजूने अलगद सुटली तर तेथून हवा येणार. स्टीलच्या नुसत्या दाबून बसवायच्या झाकणांपैकी फार थोडी या परीक्षेत उतरतात, त्यापेक्षा आतून रबरी किंवा सिलिकॉनची कडी असलेली झाकणे बरी.

यापुढचा मुद्दा आकाराचा आहे आणि तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ३० अंश तापमानाच्या पूर्ण दमट हवेत दर घनमीटरला सुमारे ३० ग्रॅम पाणी असते. वीस लिटरच्या अर्ध्या रिकाम्या पिंपात दहा लिटर हवा, म्हणजे एका वेळी सुमारे पाव-तृतीयांश ग्रॅम पाणी. रोज एकदा ते उघडले आणि दर वेळी आतील सगळी हवा बदलली असे धरले, तरी चार महिन्यांत ३५-४० ग्रॅमच पाणी आत जाते. दहा किलो तांदळाच्या हिशेबात हे प्रमाण अर्धा टक्काही नाही. पण त्या पिंपात तांदळाऐवजी किलोभर पापड असतील, तर तेवढेच पाणी साडेतीन टक्क्यांवर जाते आणि तेवढ्याने पापड खुशाल चामट होतो. आपल्या पापड-फेण्यांचे काय झाले असावे हे यावरून आपल्या लक्षात येईल: मोठा डबा, रोजची उघडझाप, आणि माल संपत गेला तशी वाढत गेलेली पोकळी. तांदळाला मोठे पिंप चालते, हलक्या कुरकुरीत वस्तूंना चालत नाही. पापड, मिरगुंडे, फेण्या, पोहे, भाजणी हे सारे दहा-बारा दिवसांत संपेल एवढ्या लहान डब्यांत विभागून भरावे आणि एक डबा रिकामा झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नये. गणपतीचा वाटा तर भाद्रपदापर्यंत मोहोरबंद राहिला पाहिजे. त्या डब्यांवर चिठ्ठी लावून ठेवली की नातवंडांना समजावणे सोपे जाते.

तांदळाच्या सोंड्यांचा दोष मात्र डब्यावर टाकू नये. सोंड्याची मादी दाण्याला बारीक भोक पाडून आत अंडे घालते आणि ते भोक बुजवून टाकते, त्यामुळे गिरणीतून आलेला स्वच्छ दिसणारा तांदूळही आतून अंड्यांनी भरलेला असू शकतो. अंड्यापासून किडा बाहेर पडायला आपल्या हवेत साधारण महिना लागतो, म्हणून मे महिन्यात भरलेल्या तांदळात मृग-आर्द्रा लागताना अचानक सोंडे दिसतात आणि माणूस म्हणतो, डब्यात शिरले कोठून? यावर जुन्या लोकांचा उपाय अजूनही सर्वांत चांगला आहे. आपली शेती असेल किंवा ओळखीच्या शेतकऱ्याकडून घेत असाल, तर वर्षाचा साठा तांदळाचा न करता भाताचा करावा आणि महिन्या-दीड महिन्याला लागेल तेवढेच भरडून आणावे. बाहेरचे तूस शाबूत असलेल्या दाण्यात सोंड्याला सहज शिरकाव मिळत नाही. बांबूच्या, शेणमातीने लिंपलेल्या कणगीत पूर्वी भातच भरत असत, तांदूळ नव्हे. कणगी काही हवाबंद नव्हती, पण तुसाने राखण केली.

तांदूळच ठेवायचा असेल तर वीस-पंचवीस किलोंच्या एका पिंपाऐवजी दहा-दहा किलोंचे डबे काठोकाठ भरावेत. एक किलो तांदळाला साधारण सव्वा लिटर जागा लागते, म्हणजे दहा किलोंना बारा-तेरा लिटरचा डबा पुरतो. काठोकाठ भरलेल्या, खरोखर हवाबंद डब्यात किडे आतला प्राणवायू वापरून संपवतात आणि दोन-तीन आठवड्यांत स्वतःच गुदमरतात, पण मध्येच उघडून पाहण्याचा मोह आवरला तरच. रवा, बेसन यांसारख्या थोड्या वस्तू घट्ट पिशवीत बांधून चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवाव्यात आणि बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण घरच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर गार पिठावर दव धरते. कुळीथ, चवळी, पावटे या अख्ख्या कडधान्यांना किलोला चहाचा एक चमचा तेल चोळले की भुंग्याची अंडी टिकत नाहीत. आपल्याकडे यासाठी एरंडेल वापरतात, ते योग्यच आहे. कडुनिंबाचा वाळलेला पाला घालायला हरकत नाही, पण त्याच्यावर विसंबू नये.

येथे एक कळकळीची सूचना. धान्यात ठेवायच्या ज्या गोळ्यांतून विषारी वायू निघतो, त्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात कोणी कितीही खात्री दिली तरी आणू नयेत. तो वायू बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा जीव घेतो. पाऱ्याच्या टिकड्या आणि बोरिक पावडर यांनाही खाण्याच्या धान्यात जागा नाही.

आता आपल्या भोके पडलेल्या डब्याकडे येऊ. स्टीलवर क्रोमियम ऑक्साइडचा एक अतिशय पातळ थर आपोआप तयार होत असतो आणि तोच त्याला गंजापासून वाचवतो. मिठातील क्लोराइड हा थर जागोजागी फोडते. एकदा एका बिंदूपाशी तो फुटला की गंज पसरत नाही, खोल उतरत जातो, म्हणूनच टाचणीने टोचल्यासारखी भोके दिसतात. आमसुलांत मीठही असते आणि आम्लही, म्हणजे दोन्ही शत्रू एकत्र. ३०४ प्रतीच्या स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते, ते २०२ प्रतीपेक्षा निश्चित चांगले; पण महिनोन्महिने ओलसर मीठ अंगावर बसले तर तेही हरते. म्हणून 'सगळे चांगल्या स्टीलचे' हा आपला बेत मला मान्य नाही. दुकानदार चुंबक लावून जी प्रत सिद्ध करतात तीही फसवी आहे, कारण २०२ आणि ३०४ या दोन्हींना सहसा चुंबक चिकटत नाही. चिकटला नाही म्हणजे ३०४ असे होत नाही. तळाला प्रत कोरलेली असेल आणि पावतीवर लिहून मिळत असेल तरच त्याचे पैसे द्यावेत. अॅल्युमिनियम, कल्हई नसलेले पितळ आणि जस्ताचा पत्रा यांत तर आंबट-खारट काहीच ठेवू नये.

आमसुले, आगळ, आंबोशी, चिंचेचे गोळे, लोणची, खारवलेल्या मिरच्या या सगळ्यांना काच किंवा चिनी माती, तिसरे काही नाही. येथे सासूबाई जिंकल्या. मात्र जुन्या बरण्यांची परीक्षा घ्यावी लागते. बरणी रिकामी करून बोटाच्या पेराने वाजवावी. खणखणीत वाजली तर अंगाला चीर नाही, बद्द वाजली तर कोठेतरी चीर आहे. आतल्या झिलईवर केसासारख्या रेघांचे जाळे दिसते का, हेही उजेडात पाहावे. लोणच्याच्या बरणीच्या बाहेरच्या अंगावर पांढरी भुकटी धरत असेल, ती पुसली तरी पुन्हा येत असेल, तर ते आतले मीठ आहे. झिलई फुटून खार भिंतीत मुरला आणि बाहेर येऊन वाळला. अशा बरणीत आंबट वस्तू ठेवू नये, कारण जुन्या झिलईत शिसे असण्याची शक्यता असते आणि आम्ल ते अलगद बाहेर काढते. आतून रंगीत, भडक झिलई असलेल्या शोभेच्या बरण्यांनाही हेच लागू आहे.

बरणीचे झाकण हवाबंद नसते, हेही विसरू नये. लोणचे तिच्यात टिकते ते झाकणामुळे नव्हे, तर मीठ, आंबटपणा आणि वर तरंगणाऱ्या तेलामुळे. दादरा बांधायचा तो धूळ आणि मुंग्यांसाठी. म्हणून सासूबाईंनी त्याच बरणीत पापड ठेवायचे म्हटले तर नम्रपणे नाही म्हणावे. काचेच्या बाटल्यांची पत्र्याची झाकणे समुद्राच्या हवेने आतून गंजतात, त्यांच्याखाली जाड, स्वच्छ प्लास्टिकचा गोल तुकडा घालावा.

मसाल्याला काच सर्वांत चांगली, पण ती अंधारात. डंकावरून आणलेला मसाला पूर्ण गार झाल्यावर अर्ध्या-अर्ध्या किलोच्या बाटल्यांत चमच्याच्या पाठीने दाबून दाबून भरावा, वर हिंगाचा खडा ठेवावा आणि बाटल्या बंद कपाटात ठेवाव्यात; उजेडाने मिरचीचा रंग उतरतो. चमचा ओला नसावा, आणि वाफाळत्या कालवणावर बाटली उलटी करून मसाला तर कधीच घालू नये. आपल्याही बाटलीत गोळे होण्याचे कारण तेच असावे, असा माझा अंदाज आहे. ज्या मसाल्याला कुबट वास आला, तो भाजून घेऊन वापरावा का, असे आपण विचारले नाही, तरी सांगते: वापरू नये. मिरची, शेंगदाणे, सुके खोबरे यांवर येणाऱ्या काही बुरशींचे विष नेहमीच्या शिजवण्या-भाजण्याने नष्ट होत नाही.

सुके बोंबील, जवळा, सोडे यांना वेगळे घर द्यावे. प्लास्टिक वास शोषून घेते आणि परत देते, त्यामुळे एकदा सुकटीची झालेली प्लास्टिकची बरणी जन्मभर सुकटीचीच राहते. बिनमिठाच्या सुकटीला घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा चालेल, खारवलेल्या माशाला मात्र काच. श्रावणात ऊन पडले की दोन्ही बाहेर काढून तापवावीत आणि गार करूनच पुन्हा भरावीत.

यजमानांच्या निळ्या पिंपांविषयी मला खरी चिंता वाटते. अशी पिंपे बाजारात बहुतेक वेळा दुसऱ्या हाताची येतात आणि त्यांत आधी रंग, आम्ल किंवा कारखान्याची रसायने असू शकतात. प्लास्टिकने शोषलेले रसायन धुऊन जात नाही. आधी काय भरलेले होते याचा भरवसा नसेल, तर त्यांत कोळसा, शेण्या, करवंट्या, सुक्या सोडणांचा साठा करावा; खाण्याची वस्तू आणि पिण्याचे पाणी दोन्ही नको. ती नवीच असतील, तळाला त्रिकोणात २ किंवा ५ हा अंक आणि शेजारी पेला व काट्याची खाद्यपदार्थांसाठीची खूण असेल, तर भात किंवा तांदूळ भरायला हरकत नाही. तरीही कौलारू घरात उंदीर-घुशी प्लास्टिक कुरतडतात, म्हणून धान्यासाठी पत्रा किंवा स्टीलच बरे. पाण्याच्या आणि शीतपेयांच्या रिकाम्या पातळ बाटल्यांत तेल-मसाला भरण्याची सवयही सोडावी.

डबे कोठे ठेवता हे आपण लिहिलेले नाही. ते जमिनीवर थेट नसावेत. पावसाळ्यात सारवलेली जमीन असो वा लादी, ती ओली आणि गार असते, पत्र्याच्या डब्याचा तळ तेथेच गंजतो आणि आतल्या धान्याला तेथूनच घाम येतो. पाटावर किंवा फळीवर, भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवावेत. चूल पेटत असेल तर तिच्या वरच्या फळीइतकी कोरडी जागा घरात दुसरी नाही, पापडांचे डबे तेथे जाऊ द्यावेत.

खरेदी मोठी करण्याची गरज मला दिसत नाही. कडी असलेल्या झाकणाचे बारा-तेरा लिटरचे तीन-चार स्टीलचे डबे तांदळाला, दोन-तीन लिटरचे सात-आठ डबे पापड-पोह्यांना, आणि एक-एक किलोच्या डझनभर काचेच्या बरण्या. आंबट-खारटासाठी सासूबाईंच्या बरण्या आहेतच. त्यांपैकी एखादी बद्द वाजली तरी टाकू नये, तिच्यात सुपारी किंवा चुलीजवळच्या पळ्या छान राहतात. आणि बरण्या वाजवून पाहण्याचे काम त्यांच्याकडेच द्यावे. कोणती बरणी कोणत्या वर्षी पाझरू लागली, हे त्यांना न वाजवताही सांगता येईल.